कबूतर की मनोरा? कल्पित राज्यात निरोपाची सोय करताना

नकाशा काढून झाला, नद्यांना नावं दिली, दोन राजघराण्यांत तीन पिढ्यांचं वैर लावून दिलं. मग आठव्या प्रकरणात उत्तरेच्या किल्ल्याला वेढा पडतो आणि लिहिणाऱ्याचा हात थांबतो. हे राजधानीत कळणार कसं, आणि किती दिवसांनी? माझा हात तिथे जवळपास आठ महिने अडकला होता. तेवढ्यात मी कबुतरं पाळली, सोडून दिली, मनोरे बांधले, पाडले, पुन्हा बांधले. तुम्हीही त्याच फाट्यावर उभे असाल तर हे वाचा. तुमचं जग वेगळं, तुमच्या गरजा वेगळ्या, हे मला मान्य आहेच.

ज्यांच्यावर फार वेळ घालवू नये असं मला वाटतं, ते दोन पर्याय आधी उरकतो. पहिला, जादूचा आरसा. माझ्या पहिल्या खर्ड्यात तोच होता. राणीने आरशात पाहिलं, सेनापती दिसला, दोघं बोलले, गैरसमज मिटला आणि कादंबरी चौऱ्याऐंशी पानांत संपली. दुसरा, विजेची तार. तिचा मोह मला कळतो. आपल्याकडे तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण ‘तार आली’ एवढं ऐकून, ती उघडायच्या आधीच घरात रडं सुरू व्हायचं, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेलं आहे. एवढी भीती कुठलाही राक्षस निर्माण करू शकत नाही. पण तार आणली की मागोमाग तांबं, बॅटऱ्या, खांब, कारखाने आणि पोस्टमास्तर येतात, आणि तुमचा ड्रॅगन बिचारा कोपऱ्यात ओशाळून बसतो.

जासूद आणि सांडणीस्वार कुठल्याही जगात असतातच, ते ठेवा. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. नानासाहेब पेशव्यांच्या हाती भेलशाजवळ ते प्रसिद्ध सावकारी पत्र पडलं २४ तारखेला. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दहा दिवस एक माणूस एवढी मोठी बातमी सावकारी हिशेबाच्या भाषेत घेऊन चालला होता, यापेक्षा चांगलं प्रकरण मला तरी सुचणार नाही. पण राज्याचा सगळा कारभार त्यावर चालवायचा तर वेग कमी पडतो. म्हणून खरा सामना कबुतरांचा आणि मनोऱ्यांचा, म्हणजे एकमेकांना दिसतील अशा मनोऱ्यांवरून खुणांनी निरोप पुढे सरकवण्याचा.

कबुतरांच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. खर्च कमी, वाचकाला समजावून सांगावं लागत नाही, पायाला बांधलेली चिठ्ठी दिसायला सुंदर. आणि हा प्रकार खरोखर चालतो. ओडिशा पोलिसांची कबूतर सेवा १९४६ मध्ये सुरू झाली आणि १९९९ च्या महाचक्रीवादळात बाकी सगळी साधनं आडवी झाल्यावर तिचा उपयोग झाला. दोन वर्षांपूर्वी कोणी विचारलं असतं तर मीही कबुतरंच घ्या म्हणालो असतो.

माझं बिनसलं ते पिंजऱ्यावरून.

कबूतर फक्त घरी जातं, हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं. त्याचा अर्थ काय होतो ते मात्र लिहायला बसल्यावर कळतं. उत्तरेच्या किल्ल्यातून राजधानीला निरोप जायचा, तर राजधानीत वाढलेली कबुतरं आधीच त्या किल्ल्यात हवीत. म्हणजे कोणीतरी ती घोड्यावरून किंवा गाडीतून तिथे नेलेली हवीत. निरोप गेला की एक कबूतर कमी झालं. राणीचं उत्तर यायचं तर किल्ल्यातली कबुतरं राजधानीच्या पिंजऱ्यात हवीत, ती नेणार कोण? राजधानी धरून माझी सहा ठाणी होती. सहा ठाणी म्हणजे तीस दिशा, आणि प्रत्येक दिशेला वेगळा पिंजरा. मी एक वही घातली. कोणतं कबूतर कुठलं, सध्या कुठे आहे, कोणत्या प्रकरणात उडालं. घरच्यांना वाटायचं, मी कादंबरी लिहितोय. मी खतावणी लिहीत होतो. प्रत्येक उड्डाणाच्या आधी एक पिंजऱ्याचा प्रवास लिहावा लागायचा, आणि त्या प्रवासात काहीच घडत नसे. १८७०-७१ च्या वेढ्यात पॅरिसकरांनी हा तिढा फार झोकात सोडवला. शहरातली कबुतरं फुग्यात बसवून बाहेर पाठवली आणि ती सूक्ष्म छायाचित्रांत मावलेल्या हजारो चिठ्ठ्या घेऊन परतली. पण तेव्हासुद्धा पिंजरा आधी बाहेर जावाच लागला.

यावर जाणकार म्हणतील, एका ठिकाणी खायला आणि दुसऱ्या ठिकाणी घरटं, अशी सवय लावली तर कबूतर दोन्हीकडे उडतं. खरं आहे, ओडिशातही तशी जाण्या-येण्याची सेवा होती. पण ते त्या ठरलेल्या दोन जागांमध्येच. कबूतर माणसाकडे जात नाही, घराकडे जातं. राणी दौऱ्यावर निघाली की तुमची डाक रिकाम्या महालाच्या सज्जात घुटर्घूं करत बसणार. एकदोन निरोपांपुरतं हे सगळं झाकून नेता येईल. मला ते जमलं नाही.

मनोऱ्यांचं मूळ आपल्या ओळखीचं आहे. पावनखिंडीत बाजीप्रभूंनी विशाळगडावरच्या तोफांची वाट पाहिली, असं परंपरा सांगते. आधी ठरवलेला एकच अर्थ आणि एकच आवाज. तोफ म्हणजे राजे पोचले, दुसरं काही ती सांगू शकत नाही. पुढची पायरी नवव्या शतकात बायझंटाईन लोकांनी गाठल्याची हकिगत आहे. सरहद्दीपासून राजधानीपर्यंत डोंगरांवर आगट्यांची रांग आणि दोन टोकांना एकसारखी चालणारी दोन घड्याळं. आग कोणत्या तासाला पेटली यावरून अर्थ ठरायचा. त्याच्याही कितीतरी आधी, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात, पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने अक्षरंच पाठवायची रीत लिहून ठेवली आहे. वर्णमालेचे पाच गट करायचे, डावीकडच्या मशालींनी गट सांगायचा, उजवीकडच्यांनी त्यातलं अक्षर.

हे वाचताना मी खुर्चीतच सरळ बसलो. ग्रीकांना पाच-पाचाचे गट मुद्दाम पाडावे लागले. आपल्याकडे क पासून म पर्यंत पाच वर्ग, प्रत्येकात पाच अक्षरं, आयती मांडून ठेवलेली आहेत! य पासून ळ पर्यंतची मंडळी सहाव्या-सातव्या गटात बसवली की काम झालं.

म्हणून डिसेंबरात एका रविवारी मी राजगडाच्या संजीवनी माचीवर आणि माझा मित्र तोरण्याच्या बुधला माचीवर, असे दोन बांबू, दोन पांढऱ्या चादरी आणि एकेक दुर्बीण घेऊन उभे राहिलो. डावी चादर जितक्यांदा खाली तितवा वर्ग, उजवी जितक्यांदा खाली तितवं अक्षर, आणि मात्रेसाठी चादर आडवी फिरवायची. मी ‘पाणी’ पाठवलं. प, काना, ण, दुसरी वेलांटी. उन्हं वर आल्यावर धुरकट झालं होतं आणि आडवी फिरवलेली चादर पलीकडून दिसलीच नाही. मित्राला मिळालं ‘पण’. वीस मिनिटं तो पुढच्या वाक्याची वाट पाहत उभा होता. शेवटी त्याचा फोन आला, “पण काय?”

हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. पण एवढं कळलं की अक्षरं पाठवण्यात राम नाही, निदान आपल्या भाषेत नाही. मनोऱ्यांवरून खुणांनी निरोप धाडणाऱ्या क्लोद शाप या फ्रेंच माणसाचं मोठेपण मला तिथे पटलं. १७९४ मध्ये पॅरिस ते लील ही त्याची मनोऱ्यांची पहिली वाट सुरू झाली आणि पुढे हे जाळं पाचशेहून जास्त मनोऱ्यांपर्यंत वाढलं. छपरावर एक खांब, त्यावर फिरणारी तुळई, तिच्या टोकांना दोन हात. त्याच्या १७९५ च्या संकेतपुस्तकात ९२ पानं आणि प्रत्येक पानावर ९२ नोंदी होत्या. पहिल्या खुणेने पान सांगायचं, दुसरीने नोंद. म्हणजे दोन खुणांत आठ हजारांहून जास्त शब्द आणि वाक्प्रचार. काना-वेलांटीची भानगडच नाही.

आणि मधल्या मनोऱ्यांवरच्या लोकांना त्या पुस्तकातलं काही कळत नसे. दुर्बिणीतून शेजारचा मनोरा पाहायचा आणि त्याची नक्कल करायची. माझ्या कादंबरीत चौदाव्या मनोऱ्यावर एक बाई आहे. तिच्या हातून तिच्याच गावावर चाल करून जायचा हुकूम पुढे जातो, आणि तिला पत्ताही नसतो. हे प्रकरण मला एका बैठकीत लिहिता आलं. कबुतरांनी मला असं एकही माणूस दिलं नाही.

लबाडीसुद्धा मनोऱ्यांवर जास्त चांगली जमते. फ्रान्समध्ये ब्लां नावाच्या दोन भावांनी १८३४ पासून तूर नावाच्या शहरातल्या मनोऱ्यावरच्या माणसाला लाच देऊन सरकारी निरोपात एक चुकीची खूण घुसवायला सुरुवात केली. मागोमाग ‘आधीची खूण रद्द’ अशी खूण जायची. कारकून ती चूक वगळून निरोप उतरवून घ्यायचा, पण बोर्दोजवळ मनोऱ्याकडे डोळे लावून बसलेल्या यांच्या माणसाला पॅरिसचा बाजारभाव चढला की उतरला ते कळायचं. १८३६ मध्ये प्रकार उघडकीला आला, तेव्हा ध्यानात आलं की याविरुद्ध कायदाच नाही. तो १८३७ मध्ये करावा लागला.

दोष आहेत, नाही कसे. दहा किलोमीटरला एक धरला तरी चारशे किलोमीटरला चाळीस मनोरे लागतात, आणि प्रत्येकावर दोन पगारी माणसं. गरिबाच्या पत्राला तिथे जागा नाही, सगळा मामला राजाचा. रात्री बंद, धुक्यात बंद. सह्याद्रीसारखा मुलूख असेल तर जून ते सप्टेंबर सगळी ओळ मुकी. मला हाच मोठा दोष वाटत होता. मग मी राज्याचं पंचांगच त्यावर बेतलं. पावसाच्या चार महिन्यांत राजधानीला सरहद्दीचं काही कळत नाही, म्हणून बंडं आषाढात होतात आणि शिक्षा कार्तिकात. या एका अडचणीवर माझी चार प्रकरणं उभी आहेत. पिंजऱ्याच्या अडचणीवर एक ओळही उभी राहिली नव्हती.

तुमचं जग म्हणजे समुद्रातली दूर विखुरलेली बेटं असतील, तर मनोरे चालणार नाहीत, कबुतरंच घ्यावी लागतील. तसं असेल तर माझी ती वही अजून माझ्याकडे आहे, हवी असल्यास खुशाल मागा. फक्त एकोणिसाव्या पानावर एक कबूतर एकाच दिवशी दोन किल्ल्यांत दाखवलंय, तेवढं बघून घ्या.