इथेनॉल की पेट्रोल? जीडीआय इंजिनात कोणाचा फवारा कसा उडतो

टर्बो-पेट्रोल गाडी बघताय, आणि पुढेमागे फ्लेक्स-फ्युएल (पेट्रोल आणि इथेनॉल कुठल्याही प्रमाणात चालणारं) मॉडेल आलं तर टाकीत जास्त इथेनॉल भरावं का, असा प्रश्न पडला असेल, तर चर्चा बहुतेक मायलेजवर सुरू होते आणि तिथेच संपते. मायलेजचं गणित सोपं आहे. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा, म्हणजे मायलेज पडणारच. पण दोन्ही इंधनांच्या स्वभावातला फरक त्याआधीच, इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशी दिसतो.

जुन्या पद्धतीच्या पोर्ट इंजेक्शनमध्ये इंधन इनटेक व्हॉल्व्हच्या गरम पाठीवर पडतं आणि बरंचसं तिथेच उडून जातं. जीडीआयमध्ये (गॅसोलिन डायरेक्ट इंजेक्शन) ते थेट सिलिंडरमध्ये, २०० ते ३५० बार दाबाने शिरतं. ३००० आरपीएमला फवारा सुटल्यापासून ठिणगी पडेपर्यंत हाताशी असतात जेमतेम १४-१५ मिलिसेकंद. तेवढ्यात थेंबांची वाफ होऊन ती हवेत नीट मिसळली पाहिजे. जे थेंब उरतात ते पिस्टनच्या माथ्यावर किंवा लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) चिकटतात.

पेट्रोल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनचं मिश्रण. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासून उकळायला लागतात, जड घटकांना २०० अंशांच्या आसपास जावं लागतं. त्यामुळे पेट्रोलचा थेंब टप्प्याटप्प्याने उडतो. हलकं आधी पळतं, जड शेवटपर्यंत रेंगाळतं, आणि त्या रेंगाळणाऱ्या भागात अॅरोमॅटिक (बेंझीनसारखी वलयी रचना असलेले, सहज काजळी धरणारे) घटक बरेच असतात. जीडीआयची काजळी मुख्यतः पिस्टनवरच्या त्या ओल्या थरातून येते. इथेनॉल एकच पदार्थ, उकळबिंदू ७८ अंश. त्यात अॅरोमॅटिक नाहीत आणि वजनाच्या ३५ टक्के ऑक्सिजनच असतो. म्हणून शुद्ध इथेनॉल गरम इंजिनात काजळी फारच कमी करतं.

मग अडतं कुठे? उष्णतेपाशी. एक किलो पेट्रोलची वाफ करायला साधारण ३५० किलोज्यूल लागतात, इथेनॉलला ९०० च्या घरात. त्यात तेवढ्याच हवेसाठी इथेनॉल वजनाने १.६ पट ओतावं लागतं, कारण एका किलो इंधनाला पेट्रोलमध्ये १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलमध्ये ९ किलोच. दोन्ही एकत्र धरलं तर दर किलो हवेमागे पेट्रोल सुमारे २४ किलोज्यूल शोषतं आणि इथेनॉल तब्बल १००. जवळपास चौपट!

सगळा खेळ या चौपटीचा आहे. गरम इंजिन, टर्बोचा दाब, गाडीत पाच माणसं आणि समोर कसारा घाट असेल, तर हीच भूक वरदान ठरते. सिलिंडरमधली हवा आतल्या आत थंड होते, नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक) मागे हटतं, ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) ठिणगी उशिरा टाकावी लागत नाही. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा, म्हणजे नॉकिंग रोखायची ताकद (१०८ च्या आसपास), मुळातच मोठा, त्यावर ही थंडाई. पोर्ट इंजेक्शनमध्ये यातला बराच फायदा वाया जातो, कारण उष्णता हवेऐवजी व्हॉल्व्ह आणि भिंतींतून ओढली जाते. माझ्या मते इथेनॉलची खरी जोडी थेट इंजेक्शनशीच जमते.

थंड इंजिनात मात्र चित्र उलटं. १०-१२ अंशांना इथेनॉलची वाफ हवेत जेमतेम तीन-सव्वातीन टक्के होते, आणि पेट घेण्याची खालची मर्यादाही तीच. निफाडला डिसेंबरच्या पहाटे पारा याच्याही खाली जातो. तिथे शुद्ध इथेनॉलवर नुसता सेल्फ मारत बसावं लागेल. पेट्रोलचे हलके घटक अशा वेळी कामाला येतात. ब्राझीलमध्ये इथेनॉलच्या गाड्यांना याचसाठी बॉनेटखाली पेट्रोलची छोटी टाकी असायची. २००९ मध्ये फोक्सवॅगनने पोलो ई-फ्लेक्समध्ये इंधन आधी तापवून ती काढून टाकली. कोकणात किंवा मुंबईत हा प्रश्न जवळपास येतच नाही.

एक गंमत मधल्या अवस्थेतली. सिग्नलवरून हळू निघताना थ्रॉटल अर्धवट बंद असतो आणि सिलिंडरमध्ये दाब समजा ०.४ बार असतो. त्या दाबाला इथेनॉल ५७ अंशांच्या आसपासच उकळतं. नोझल (इंजेक्टरचं तोंड) ५० अंशांवर असेल तर पेट्रोलचे हलके घटक फुटून उडतात, इथेनॉल ढिम्म. नोझल ९० वर गेलं की इथेनॉलचा अख्खा फवारा बाहेर पडताच फुटतो. थेंब बारीक होतात हे छान, पण फुगलेल्या धारा एकमेकींत मिसळून एकच जाड झोत होऊ शकतो आणि तो पिस्टनकडे खोल जातो. म्हणून पेट्रोलसाठी बेतलेला इंजेक्टर आणि त्याचं टायमिंग इथेनॉलला जसंच्या तसं चालेल असं धरू नये.

आता पंपावरचं ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. वरचाच हिशेब लावला तर दर किलो हवेमागे साधारण ३४ किलोज्यूल, म्हणजे पेट्रोलच्या दीडपटीच्या आतच. थोडी थंडाई, लिटरमागे सहा-सात टक्के कमी ऊर्जा. काजळीबाबत शुद्ध इथेनॉलची हमी इथे लागू पडत नाही. हलक्या घटकांसोबत इथेनॉल उडताना थेंब गार होतो आणि मागे राहिलेले जड अॅरोमॅटिक आणखी रेंगाळू शकतात. पेट्रोल मुळात कसं आहे, यावर ते ठरतं.

रोजचा प्रवास दोन-तीन किलोमीटरचा, इंजिन तापण्याआधीच घर येणार, असं असेल तर मी जास्त इथेनॉलच्या आणि खरं तर जीडीआयच्याही वाटेला जाणार नाही. साधं पोर्ट इंजेक्शन बरं. अशा वापरात ओला थर लायनरवरून ऑइलमध्ये उतरतो. हायवे, घाट, भरलेली गाडी, उबदार हवा असेल तर फ्लेक्स-फ्युएल जीडीआय जरूर घ्या. फक्त ई-२० साठी बनलेल्या गाडीत स्वस्त पडतं म्हणून ई-१०० (जवळपास शुद्ध इथेनॉल) मिसळू नका. ई-२० च्या दीडपट इंधन द्यायला तिचा पंप, इंजेक्टर आणि ईसीयू बेतलेले नसतात, आणि सील-होजही त्यासाठी निवडलेले नसतात.