आठ महिने जुन्या गॅझेटियरांसोबत

गेल्या पावसाळ्यात गुडघा दुखावला आणि डॉक्टरांनी चार महिने गड बंद केले. मग घरबसल्या हिंडायचं म्हणून मुंबई इलाख्याची, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या मुंबई प्रांताची, गॅझेटियर (सरकारी माहितीचे ग्रंथ) उघडली. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेले हे जिल्हावार इंग्रजी खंड आता ऑनलाइन फुकट वाचता येतात. आठ महिन्यांत नाशिक (1883) आणि अहमदनगर (1884) हे दोन खंड बऱ्यापैकी उलटून झालेत.

पहिल्या पानापासून सलग वाचायला बसू नका. मी बसलो आणि महसुलाच्या प्रकरणात तीन आठवडे रुतलो. डोंगर-नद्यांचं प्रकरण, त्यामागचं झाडं-जनावरांचं आणि अगदी शेवटचं गावं-गडांचं, एवढं भटक्याला पुरतं.

नाशिकच्या खंडात मी नांदूर मध्यमेश्वरचं पाणथळ शोधत होतो. सापडणार कसं? गोदावरी-कादवेच्या पाण्यावरचा तो बंधाराच मुळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. पुढे जलाशयात गाळ साचत गेला, उथळ बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पक्षी यायला लागले. 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, म्हणून जाहीर झालेली जागा म्हणजे बंधाऱ्यात साचलेला गाळ! गुडघा बरा झाल्यावर जानेवारीत चापडगावच्या मनोऱ्यावर गेलो. समोर चक्रवाक, थापटे, वारकरी अशा पाणपक्ष्यांचे थवे. आणि मला राहून राहून आठवत होतं की, पुस्तकात इथे नुसती नदी आहे. गाईडने सांगितलेल्या पक्ष्यांच्या यादीपेक्षा हे जास्त लक्षात राहिलं.

तक्रारी आहेतच. अंतरं मैलांत, उंची फुटांत. नावांची स्पेलिंगं अशी की शोध-खिडकीत आजचं नाव टाकलं तर काही हाती लागत नाही. हरिश्चंद्रगड वाचताना ‘अकोला’ तालुका आला आणि मी चक्क विदर्भात पोचलो. तो आपला अकोले. आदिवासींबद्दलची भाषा तर साहेबी मग्रूरीची आहे, काही परिच्छेद वाचवत नाहीत. मोबाइलवर स्कॅन वाचून डोळे दुखतात ते वेगळंच. मी हवी ती पानं झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतो. आणि वाट मात्र गावातच विचारायची, पुस्तकाला नाही.

सगळ्यात मोठी अडचण: या संचात अख्खा महाराष्ट्र नाही. विदर्भ तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, मराठवाडा निजामाकडे. म्हणजे ताडोबा, मेळघाट, लोणार यांतलं काहीच इथे मिळणार नाही. चांदा (आजचं चंद्रपूर) आणि अमरावतीची गॅझेटियर वेगळी निघाली, ती शोधावी लागतात. सह्याद्री आणि कोकण हिंडणाऱ्यांनाच हा संच मी सुचवेन.

सध्या 1880 चा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड उघडलाय. आंबोलीला जूनच्या आधी जायचं की नंतर, यावर घरात वाद चालू आहे.