मांजर असलेल्या घरातील एअर प्युरिफायर: दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

फोंडा तालुक्यातील आमच्या जुन्या घरात नोव्हेंबर २०२३ पासून हेपा गाळणीचा एअर प्युरिफायर चालू आहे. तो घेण्याचे कारण एकच होते. माझ्या मुलाला, जो त्या वेळी सात वर्षांचा होता, मांजराची अ‍ॅलर्जी आणि तिच्यामुळे बळावणारा दमा असल्याचे निदान नुकतेच झाले होते, आणि घरात सुंठी होती; आदल्या वर्षीच्या पावसात आगरात भिजत बसलेले ते सुंठीच्या रंगाचे पिल्लू त्यानेच उचलून आणले होते. यंत्राला साधारण तेरा हजार रुपये पडले. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण या किमतीच्या बहुतेक यंत्रांची रचना सारखीच असते आणि मला जे सांगायचे आहे ते त्या सर्वांना लागू पडते.

अ‍ॅलर्जी मांजराच्या केसांची असते असे पुष्कळांना वाटते, आणि म्हणूनच ‘केर नीट काढला तर पुरे’ हा सल्ला आम्हाला सर्वांत जास्त वेळा मिळाला. प्रत्यक्षात त्रास देते ते मांजराच्या लाळेत आणि त्वचेतील तैलग्रंथींत तयार होणारे प्रथिन, ज्याला वैद्यकीय भाषेत ‘फेल डी १’ म्हणतात. मांजर दिवसभर अंग चाटते, लाळ वाळते, आणि वाळलेल्या कणांबरोबर व त्वचेच्या सूक्ष्म कोंड्याबरोबर हे प्रथिन हवेत उडते. मांजराला आंघोळ घातली तर ते कमी होते खरे, परंतु काही दिवसांतच पुन्हा पूर्वीइतके होते. अमुक जातीच्या मांजराची अ‍ॅलर्जी होतच नाही, असा दावा विक्रेते करतात. हे प्रथिन मुळीच न बनवणारी जात अस्तित्वात नाही. आमच्या मुलाची त्वचेवर टोचून केलेली चाचणी आणि रक्तातील आयजीईची, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या प्रतिपिंडाची, तपासणी या दोन्हींत मांजराचा अंश ठळक आणि धुळीतील कीटकांचा अंश त्याहून सौम्य निघाला. ही चाचणी करून घेण्यापूर्वी यंत्र विकत घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण यंत्राचा उपयोग नक्की कशाची अ‍ॅलर्जी आहे यावर ठरतो.

धुळीतील कीटकांपासून निघणारे कण जड असतात. ते हवेत उडाले तरी थोड्याच वेळात गादीवर आणि जमिनीवर बसतात, त्यामुळे हवा गाळून त्यांच्यावर फारसा इलाज होत नाही. मांजराच्या प्रथिनाचा बराचसा भाग मात्र अतिशय हलक्या कणांवर स्वार असतो आणि तासन् तास हवेत तरंगत राहतो, म्हणून त्याच्या बाबतीत यंत्र खरोखर काम करते. खरी हेपा गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवते. हा आकार पकडायला सर्वांत अवघड असल्यामुळेच मोजमापासाठी निवडलेला आहे. त्याहून मोठे आणि त्याहून लहान कण गाळणीत अधिकच सहज अडकतात. प्रश्न गाळणीचा नसून, खोलीतील किती हवा तिच्यातून जाते याचा असतो, आणि इथे आम्ही पहिली चूक केली.

खोक्यावर ‘चारशे चौरस फुटांसाठी’ असे छापले होते आणि आमची झोपण्याची खोली अकरा फूट बाय बारा फुटांची, म्हणजे १३२ चौरस फुटांची. आम्ही निश्चिंत झालो. परंतु आमचे घर नळ्यांचे आहे, म्हणजे मंगळुरी कौलांचे. खोलीला छत नव्हते आणि उतरत्या कौलांखालची सरासरी उंची चौदा फूट भरली. तेव्हा खोलीतील हवा सुमारे ५२ घनमीटर झाली. अ‍ॅलर्जीच्या रुग्णासाठी ती तासाला चार-पाच वेळा गाळली जावी असे मानतात, त्यासाठी यंत्राचा हवापुरवठा, ज्याला सीएडीआर म्हणतात, ताशी २६० घनमीटरांच्या आसपास हवा. रात्री ज्या मंद गतीवर आम्ही यंत्र चालवत होतो त्या गतीला तो जेमतेम शंभर होता. शिवाय कौलांच्या फटींतून बाहेरची आणि भिंतींवरून सोप्यावरची हवा सतत येत होती, आणि त्या सोप्यावरच सुंठी झोपत असे. पुढे नऊ फुटांवर प्लायवुडचे छत बसवून घेतल्यावर तीच खोली ३४ घनमीटरांच्या आत आली आणि मधल्या गतीवर यंत्र पुरे पडू लागले. छताचा खर्च यंत्रापेक्षा जास्त झाला. दुकानात यापैकी काहीही कोणी विचारले नाही. छताची उंची विचारणे हे तेरा हजारांची वस्तू विकणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे मला वाटते.

दुसरी तक्रार यंत्रावरील रंगीत दिव्याविषयी आहे. हा दिवा हवेतील कण मोजतो, कण कशाचे आहेत हे त्याला कळत नाही. स्वयंपाकघरात बांगडे तळले की तो लाल होतो, देवघरातील उदबत्तीने लाल होतो, नरकासुर जाळतात त्या पहाटे तर तो तासभर लाल राहिला. आणि मुलाला धाप लागून आम्ही नेब्युलायझर लावून बसलो होतो त्या रात्री तो शांतपणे हिरवा होता. अ‍ॅलर्जीच्या रुग्णाने या दिव्यावर विसंबून गती कमी-जास्त करू नये. यंत्राच्या स्वयंचलित पद्धतीवर तर मुळीच सोडू नये, कारण दिवा हिरवा होताच ती गती सर्वांत कमी करून टाकते.

नोव्हेंबर ते मे हे सात महिने यंत्र, मांजरी आणि मूल अशी तिघांची व्यवस्था आम्ही चालवली. सुंठीला झोपण्याच्या खोलीत बंदी, गादी आणि उशीला घट्ट विणीची आवरणे, दर आठवड्याला चादरी गरम पाण्यात, मुलाचा रोजचा प्रतिबंधक पंप न चुकता. पहाटेची घरघर निम्म्याने तरी कमी झाली. एवढे श्रेय यंत्राला द्यायलाच हवे, आणि ज्यांचा त्रास शिंका, नाक वाहणे, डोळे चुरचुरणे इथपर्यंतच आहे त्यांचे निभावून जाईल, असे मी खात्रीने म्हणू शकते. परंतु जून लागला, खिडक्या बंद झाल्या, मांजरी दिवसभर घरातच राहू लागली, ओलीमुळे भिंतींवर बुरशी धरली, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यरात्री मुलाला रुग्णालयात न्यावे लागले. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी जे सांगितले ते त्यांनी निदानाच्या वेळीही सांगितले होते, की मांजर घरात न ठेवणे हाच मुख्य उपाय आहे आणि इतर सर्व उपाय दुय्यम आहेत. तेव्हा सुंठीला दुसरे घर शोधून देण्याचे आम्ही ठरवले.

यानंतर जे ऐकावे लागले ते मी इथे लिहिते, कारण यंत्राच्या जाहिरातींचा त्याच्याशी संबंध आहे. शेजारच्या एक मावशी म्हणाल्या, “अगो, मांजरच ना ते! मासळी मार्केटात सोडून ये, खायला भरपूर मिळेल.” माझ्या नणंदेने, जिच्या घरी तीन मांजरे आहेत, मला विचारले, “वहिनी, उद्या धाकट्याला काही झाले तर त्यालाही देऊन टाकाल का?” आणि प्राणिप्रेमी ओळखीच्यांनी एकामागून एक तोच प्रश्न केला: “एअर प्युरिफायर लावून पाहिलात का?” लावला आहे असे सांगितले की, मग तो चांगल्या कंपनीचा नसेल. ‘पाळीव प्राण्यांसोबत निर्धास्त राहा’ अशा शब्दांत ही यंत्रे विकली जातात, त्यामुळे ती लावूनही ज्याला जमत नाही तो माणूसच कमी पडला असा समज तयार होतो. सात वर्षांच्या दमेकरी मुलाच्या आईला असे दोषी ठरवणे निर्दयपणाचे आहे, आणि ते प्राण्यांच्याही हिताचे नाही, कारण लोकलज्जेने मांजर उघडपणे दुसऱ्याला देता आले नाही की माणसे ते रात्री पोत्यात घालून दूर नेऊन सोडतात.

दुसरे घर शोधून देणे आणि सोडून देणे यांत कायदाही फरक करतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या अकराव्या कलमानुसार, प्राण्याला उपासमार किंवा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत सबळ कारणाशिवाय सोडून जाणे हा गुन्हा आहे. आम्ही सुंठीची नसबंदी आधीच केलेली होती, रेबीजची लस टोचून कार्ड तयार ठेवले होते, आणि डिचोली तालुक्यातील एका निवृत्त जोडप्याला, ज्यांच्या घरी कोणाला अ‍ॅलर्जी नाही, दोन वेळा आमच्याकडे बोलावून तिच्याशी ओळख करून दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये ती त्यांच्याकडे गेली. मांजर माणसापेक्षा जागेला अधिक बांधलेले असते, म्हणून पहिले तीन आठवडे तिला एका खोलीतच ठेवण्यास आम्ही सांगितले, आणि आमच्या सोप्यावरचे तिचे पोत्याचे अंथरूण न धुता सोबत दिले. मुलगा त्या दिवशी जेवला नाही. त्याला ‘तुझ्यामुळे’ हा शब्द कोणीही ऐकवू नये, यासाठी मी घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे बजावले होते, आणि तरीही तो त्याने शाळेत ऐकलाच.

यंत्राची खरी किंमत मला त्यानंतर कळली. मांजर गेल्यावर त्याचे प्रथिन घरातून लगेच जात नाही. गाद्या, पडदे, सोफा, भिंती, कपडे यांना ते चिकटून राहते आणि त्याची पातळी बिनमांजराच्या घराइतकी उतरायला साधारण चार ते सहा महिने लागतात. सप्टेंबरमध्ये चवथीला सगळे नातेवाईक घरी जमले तेव्हा मुलगा खोकतच होता, त्यात फटाक्यांचा धूर, आणि लगेच निकाल लागला: “बघ, मांजर उगाच घालवलेस.” त्या रात्री मी स्वतःही डगमगले होते. परंतु प्रथिन टिकून राहते हे मला ठाऊक होते. म्हणून आम्ही सोफ्याची गादी काढून टाकली, जाड पडदे धुऊन गुंडाळून ठेवले, भिंती ओल्या फडक्याने पुसल्या, आणि पुसताना उडालेले कण पकडण्यासाठी यंत्र सर्वोच्च गतीवर त्याच खोलीत लावले. पाच महिने ते रात्रंदिवस चालले. जानेवारी २०२५ मध्ये, सुंठी आल्यानंतर पहिल्यांदाच, संपूर्ण महिन्यात एकदाही आराम देणारा पंप लागला नाही. डॉक्टरांनी रोजच्या पंपाची मात्रा उन्हाळ्यात कमी केली. ती आम्ही मनाने बंद केलेली नाही आणि कोणी करूही नये.

खर्चाचे म्हणाल तर पूर्ण गतीवर रात्रंदिवस चालवूनही दिवसाला सुमारे एक युनिट वीज जाते. गाळणी कंपनी वर्षभर चालेल म्हणते. गोव्याच्या पावसाळ्यात तिला कुबट वास येऊ लागतो, म्हणून आम्ही ती दर ऑक्टोबरमध्ये बदलतो आणि दोन हजारांच्या वर रक्कम त्यासाठी बाजूला ठेवतो. पुढची जाळी पंधरा दिवसांनी धुऊन पूर्ण वाळवावी. आयन सोडणारी सोय असेल तर ती बंद ठेवावी, कारण तिच्यातून ओझोन निर्माण होऊ शकतो आणि तो दमेकऱ्याला अपायकारक आहे.

पाचपैकी साडेतीन तारे देते. अर्धा कौलारू घरांविषयीच्या अज्ञानासाठी कापला आहे आणि एक खोक्यावरील त्या निर्धास्तपणाच्या वाक्यासाठी. घेणाऱ्यांनी खोलीची लांबी, रुंदी आणि मुख्य म्हणजे उंची कागदावर लिहून दुकानात जावे, झोपेच्या गतीला सीएडीआर किती हे विचारावे, आणि प्राणी दुसऱ्या घरी देण्याचा निर्णय झाला असेल तर यंत्र घेण्याचा बेत रद्द करू नये. पुढचे सहा महिने ते सर्वांत जास्त लागते.