फोर्कलिफ्टचं ‘सरकारी लायसन्स’ आणि ताईचे २४ हजार

फोर्कलिफ्ट, म्हणजे पुढच्या दोन लोखंडी दातांवर (फोर्कवर) माल उचलणारं मशीन, शिकवून नोकरी लावतो म्हणून पैसे उकळणाऱ्यांची सध्या चलती आहे. माझ्या भाच्याचे, खरं तर माझ्या ताईचे, २४ हजार रुपये असेच गेले. मी वाळूजला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. फोर्कलिफ्ट आमच्याकडे तिन्ही शिफ्टला चालते, नवीन ऑपरेटर घेताना ट्रायलला मी उभा असतो. त्यामुळे या पोरांच्या गळ्यात नेमकं काय मारलं जातं ते मला नीट सांगता येईल. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. शिवाय अशी दुकानं पाटी बदलायला वेळ लावत नाहीत.

भाचा केजकडचा. बारावी झाली, मग पोलीस भरतीच्या नादात वर्ष गेलं. मोबाइलवर जाहिरात दिसली: दहा दिवसांत फोर्कलिफ्ट ऑपरेटर, सरकारमान्य लायसन्स, पगार २५ ते ३० हजार, शंभर टक्के प्लेसमेंट. फोनवरच्या मॅडम म्हणाल्या, दोनच सीट राहिल्यात, आज भरा नाहीतर पुढची बॅच. फी साडेसतरा हजार, ‘लायसन्स’चे साडेचार, मेडिकल आणि ड्रेसचे दोन. ताईने सोयाबीनच्या पट्टीतून काढून दिले. मला कळलं ते सगळं उरकल्यावर. मामाला एकदम लायसन्सच दाखवायचं होतं म्हणे.

पुण्याच्या बाजूला पत्र्याची शेड, पुढे मुरुमाचं मोकळं मैदान आणि एक जुनं डिझेल मशीन. सिलिंडरमधून ऑइल गळत होतं, सीट बेल्टचा पट्टा होता पण बक्कल नव्हतं. वीस-बावीस पोरं रांगेत. एकेकाने बसायचं, फोर्क वर-खाली करायचा, थोडं पुढे-मागे घ्यायचं, उतरायचं. हेल्मेट आणि रिफ्लेक्टर जॅकेट सगळ्यांत मिळून एकच. ते एकाने काढायचं, दुसऱ्याने घालायचं आणि मशीनवर बसून फोटो द्यायचा. फोटोचं काम मात्र चोख, दोन-तीन अँगलने. पॅलेटवर (माल ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटीवर) माल ठेवून तो उचलायला एकदाही दिला नाही. उरलेला वेळ टीव्हीवर व्हिडिओ.

आणि सर्टिफिकेट बघाल तर डोळे दिपतील. ‘४० तास प्रात्यक्षिक’, ‘डिझेल, इलेक्ट्रिक व रीच ट्रक’. भाच्याने रीच ट्रक (उंच रॅकवर माल ठेवणारं मशीन) आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो आमच्या गोडाऊनमध्ये. खाली लोगोंची जत्रा. आयएसओ ९००१ हे संस्थेच्या कामकाज पद्धतीचं मानक आहे, ऑपरेटरला मशीन येतं की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. उद्यम नोंदणी कोणताही छोटा व्यावसायिक स्वतःच ऑनलाइन माहिती भरून फुकट करतो. ‘नीती आयोग’ म्हणजे काय, तर ही संस्था चालवणाऱ्या ट्रस्टची आयोगाच्या दर्पण पोर्टलवर (स्वयंसेवी संस्थांच्या यादीत) नोंद. नोंद म्हणजे मान्यता नव्हे. संस्थेच्या नावात ‘राष्ट्रीय’ आणि ‘सेफ्टी’ हे शब्द घातलेत, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेल्या, कामाच्या जागेवरची सुरक्षा बघणाऱ्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचंच (नॅशनल सेफ्टी कौन्सिल) काहीतरी आहे असं वाटावं. क्यूआर कोड स्कॅन केला तर उघडलं काय, त्यांच्याच वेबसाइटवरची त्याच सर्टिफिकेटची पीडीएफ!

सगळ्यात मोठा लोगो ‘ओशा’चा, खाली ‘लाइफटाइम व्हॅलिड’. ओशा ही अमेरिकेची कामगार सुरक्षा यंत्रणा. ती कुणाला फोर्कलिफ्टचं लायसन्स देत नाही की शिकवणाऱ्या संस्थांना मान्यताही देत नाही. तिच्या नियमानुसार ऑपरेटरला शिकवून, कामाच्या जागेवर तपासून त्याची लेखी नोंद ठेवायची जबाबदारी मालकाची असते, आणि निदान दर तीन वर्षांनी कामाची पुन्हा तपासणी करावी लागते. म्हणजे ज्यांचं नाव छापलं त्यांच्याच नियमात ‘लाइफटाइम’ बसत नाही.

आपल्याकडचं सांगायचं तर मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या व्याख्येतून फक्त कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवारात वापरायला बनवलेलं वाहन वगळलेलं आहे. त्यामुळे आरटीओच्या कारच्या लायसन्ससारखं, दाखवलं की कुठल्याही कंपनीत चालेल असं फोर्कलिफ्टचं लायसन्स विकत देतो म्हणणारा खोटं बोलतोय. काही कंपन्या चारचाकीचं लायसन्स मागतात, तो त्यांचा नियम. बाकी कंपनी स्वतः ट्रायल घेते, आपल्या मशीनवर तयार करते आणि आपला परवाना देते. तो गेटच्या आतच चालतो.

भाच्याची आमच्या कारखान्यातली ट्रायल मी घेतली नाही, घरचा माणूस म्हणून बाजूला झालो. आमचे जुने ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांनी किल्ली देण्याआधी विचारलं, “बाळा, ही प्लेट वाच.” मशीनवरच्या क्षमतेच्या प्लेटवर २५०० किलो, ५०० मिमी. “म्हणजे अडीच टनापर्यंत काहीही उचलायचं?” तो म्हणाला, “हो काका.” तिथेच अर्धा निकाल लागला. मालाच्या वजनाचा मध्य फोर्कच्या मुळापासून ५०० मिमीच्या आत असेल तरच अडीच टन. लांब पेटी असेल आणि तो मध्य ८०० मिमीवर जात असेल तर तेच मशीन तेवढं पेलत नाही, मागची चाकं उचलतात.

काकांनी पुढे विचारलं, मशीन कलंडायला लागलं तर? “उडी मारायची.” हे त्याला तिथे शिकवलं होतं! हे वाचणाऱ्या प्रत्येक पोराने लक्षात ठेवा: बसून चालवायच्या फोर्कलिफ्टमधून उडी मारणारा बहुतेक वेळा त्याच मशीनच्या छताखाली सापडतो. बेल्ट लावलेला हवा, स्टीअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि कलंडतंय त्याच्या उलट बाजूला झुकायचं.

मग रिकामं मशीन फिरवायला दिलं. फोर्कलिफ्टची मागची चाकं वळतात. भाचा पुढे बघत वळवत होता आणि मागचा काउंटरवेट (तोल सांभाळणारं जड वजन) रॅकच्या पायाकडे निघाला होता. काका ओरडले म्हणून थांबला. रिकामं असलं तरी ते धूड चार टनांच्या आसपास असतं, वर रॅकवर तीन मजले माल.

पैसे परत मागितले तेव्हा खरी मेख कळली. फीची पावती ‘देणगी’ची होती! ट्रस्टला दिलेली देणगी परत मिळत नाही, असं उत्तर मिळालं. बाकीचे साडेसहा हजार कुणाच्या तरी खासगी खात्यावर यूपीआयने गेलेले. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणजे एका ठेकेदाराचा नंबर, आणि त्याच्याकडे काम पॅलेट ओढायचं, हेल्परचं.

पैसे भरण्याआधी एवढं करा: सीटवर प्रत्यक्ष किती तास, कोणतं मशीन, एका मशीनमागे किती पोरं, हे लेखी मागा. मैदान बघून या. पावतीवर कोर्सचं नाव आणि ‘फी’ हा शब्द आहे का बघा. कौशल्य परिषदेचं (सेक्टर स्किल कौन्सिलचं) सर्टिफिकेट म्हणत असतील तर संस्थेचं नाव स्किल इंडियाच्या सरकारी पोर्टलवर स्वतः शोधा, त्यांनी पाठवलेल्या लिंकवर नको. टाळाटाळ झाली की उठा.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, मॅडमचे व्हॉट्सॲप मेसेज, यूपीआयच्या नोंदी सगळं जोडलंय. ‘देणगी’ची अशी पावती आणखी कुणाकडे असेल तर फाडू नका, चॅट डिलीट करू नका. अनेकांची तक्रार एकसारखी असेल तर आयोगाच्या परवानगीने एकत्रही करता येते.