विचारनोंद वही: रकाने उत्तम, एक मथळा चुकलेला

नाशिकच्या मेन रोडवर स्टेशनरीच्या दुकानात १८० रुपयांना मिळणारी ही १२० पानी वही. पानावर सात रकाने: प्रसंग, भावना आणि तिची तीव्रता (० ते १००), मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा, नवा विचार, पुन्हा तीव्रता. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांच्या, विचार तपासून बघायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीतली ही मांडणी इथे नीट उतरली आहे.

तिचा कस पुराव्याच्या रकान्यांत लागतो. समजा, काढणीच्या तोंडावर अवकाळी पावसानं निफाडच्या द्राक्षबागेत मणी तडकले. "यंदा पावसानं घात केला" म्हणणारा हळहळतो, पण सावरतो. "चूक माझीच, नेहमी असंच होतं, मला काहीच जमत नाही" म्हणणारा खचत जातो. दोष स्वतःकडे, कायमचा आणि सगळ्याच बाबतींत लावायची ही सवय नैराश्याची जोखीम वाढवते. म्हणून 'नेहमी' म्हणजे नेमके किती हंगाम, ते आकड्यात लिहा. छाटणीची तारीख चुकली असेल तर तीही प्रामाणिकपणे नोंदवा.

तिसऱ्या रकान्यात "माझ्याच वाट्याला का?" असा प्रश्न लिहू नका, प्रश्नाला पुरावा देता येत नाही. "माझं नशीबच फुटकं" असं सरळ विधान करा. तेच तेच उगाळणाऱ्यांनी वीस मिनिटांवर वही मिटावी, नाहीतर तीच उगाळायची सहाण होते. अंथरुणात तर नकोच. सगळं बिनचूक हवं असणारे रोज पान भरायचा हट्ट धरतात आणि एक दिवस चुकला की स्वतःलाच कोसतात. त्यांना आठवड्याला तीन नोंदी पुरेत.

सहाव्या रकान्यावर 'सकारात्मक विचार' छापलंय, ही मोठी चूक. खोटा दिलासा मनाला पटत नाही आणि तीव्रता ८० ची ८०च राहते. तिथे खोडून 'पुराव्याला धरून विचार' लिहा.

पहिल्या पानावर 'तुम्हाला जास्त काय लागतं: माणसं दुरावणं की काम फसणं?' हा प्रश्न मात्र नेमका आहे. बेक यांनी १९८३ मध्ये स्वभावाचे हेच दोन कल सांगितले होते. पहिल्या कलाच्या माणसाला अबोला खचवतो, दुसऱ्याला नापास होणं. चटकन अस्वस्थ होणारा स्वभाव जोखीम वाढवतो, पण अशा प्रत्येकाला नैराश्य येतंच असं नाही.

मदतीचा क्रमांक वहीत कुठेच नाही. मुखपृष्ठाच्या आत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ लिहून ठेवा, तो मोफत आणि चोवीस तास चालतो. उदासी, झोप-भूक बिघडणं दोन आठवडे टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मरणाचे विचार आले तर वही बाजूला ठेवून त्याच क्षणी फोन लावा.