गोठ्याची खोली करताय? मग एनएचएल ३.५ च्या पोत्याबद्दल हे वाचा

मुंबईच्या जुन्या गावठाणांत, रनवार असो, माथारपाखाडी असो की पलीकडचं गोराई, घरामागचे गोठे आणि कोठ्या आता भाड्याच्या खोल्या होऊ लागल्या आहेत. मालक आर्किटेक्टला फोटो दाखवतात ते बहुतेक वेळा इंग्लंडमधल्या जुन्या फार्महाउसच्या मळणीघराचे. त्या मागोमाग येतो पोत्यातला तयार चुना, म्हणजे एनएचएल ३.५. निकाल आधीच सांगतो: माल उत्तम आहे, पैसे वसूल होतात, पण गोठ्याच्या भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांत तो वापरू नका.

एनएचएल म्हणजे नैसर्गिक जलीय चुना. चुनखडीतच माती मिसळलेली असल्यामुळे तो भाजला की पाण्याबरोबरही घट्ट होतो. हे गणित इंग्लिश अभियंता जॉन स्मीटनला १७५६ साली इंग्लंडजवळच्या समुद्रातल्या एडिस्टनच्या दीपस्तंभासाठी चुना शोधताना उलगडलं. नावातला ३.५ हा आकडा ताकदीचा: प्रमाण चाचणीत २८ दिवसांनी ३.५ ते १० मेगापास्कल. कच्च्या विटांच्या, लाकडी सांगाड्याच्या घराला एवढी ताकद पुरते. सिमेंटचा गिलावा याहून कितीतरी कडक होतो आणि ओल आत कोंडतो. मग वीट भुसभुशीत होते आणि भिंतीत गाडलेला सागाचा खांब बुडापासून कुजतो.

हिशेब असा. २५ किलोच्या पोत्यात सुमारे ३८ लिटर चुना निघतो, म्हणजे १५ लिटरच्या अडीच बादल्या. त्याला सव्वासहा बादल्या वाळू, म्हणजे एकास अडीच. यात १० मिलिमीटर जाडीचा थर साधारण ९० चौरस फुटांवर बसतो, नासाडी धरून. जुन्या भिंतीचे सांधे खोल असतील तर पोती वाढवून धरा.

वाळू हीच सगळ्यात मोठी अडचण. खाडीची रेती चालतच नाही, तिच्यातलं मीठ पावसाळ्यात हवेतली ओल ओढतं. क्रश सँड घेतली तर धुऊन घ्या, कारण तिच्यातली पूड पाणी जास्त मागते आणि जास्त पाणी म्हणजे केसासारख्या चिरा. मिक्सरमध्ये आधी अर्धी वाळू, मग चुना, मग उरलेली वाळू, शेवटी बेताबेताने पाणी. दहा मिनिटं तरी फिरू द्या. पहिल्या पाच मिनिटांत माल कोरडा वाटतो, तेव्हाच मिस्त्री पाणी ओततो. त्याला तिथेच थांबवा. "थोडं सिमेंट मारू" म्हणाला तर ठाम नाही म्हणा.

भिंतीची तयारी हातछिन्नीने, ब्रेकरने नाही. सिमेंट पूर्ण उतरवा, सांधे २० मिलिमीटर खोल खरवडा, धूळ झाडा, आदल्या दिवशी आणि कामाआधी पाणी मारा. आधी ३ ते ५ मिलिमीटरचा शिंपण थर, त्यावर १०-१० मिलिमीटरचे दोन थर. प्रत्येक थर ओला असतानाच त्यावर ओरखडे काढा. मधे निदान पाच-सात दिवस जाऊ द्या आणि नखाने दाबून खूण उमटते पण खड्डा पडत नाही ना, ते बघा. चार-पाच दिवस ओलं गोणपाट टांगा. मे महिन्याच्या उन्हात काम केलं की थर पोकळ वाजतो, भर पावसाळ्यात केलं की चुना हवा घेत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच हंगाम. उघडं पोतं पावसात गोठतं, फळीवर प्लॅस्टिकमध्ये ठेवा. चुना डोळ्यांना घातक आहे, चष्मा घालाच.

आता गोठ्याची गोष्ट. वर्षानुवर्षं गुरांच्या मुताने भिंतीत नायट्रेट, म्हणजे एक प्रकारचं मीठ, मुरलेलं असतं. कॅल्शियम नायट्रेट हवेत सुमारे ५० टक्के आर्द्रता असली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. मुंबईत तेवढी आर्द्रता जवळपास कायमच असते, त्यामुळे छप्पर गळत नसलं तरी ती भिंत ओलसर राहते. इंग्लंडमधल्या गुरांच्या गोठ्यांतही हीच तक्रार, कारण तेच. कुठलाही गिलावा हे मीठ काढत नाही. आधी चाचणी-पट्टीने नायट्रेट मोजा. मग खालच्या पट्ट्यावर एकास तीन असा भिजवलेल्या कळीच्या चुन्याचा सच्छिद्र गिलावा द्या, थोडी सुरखी (विटांची पूड) घालून. मीठ त्यातच येऊन बसतं, तो फुगला की काढून पुन्हा करायचा. हा बळीचा थर आहे, त्यावर महागडं पोतं खर्चू नये. मीठ फारच असेल तर आतून ५० मिलिमीटर मोकळी जागा ठेवून वेगळी लाकडी भिंत उभी करा आणि वर-खाली हवेची फट राखा.

मळणीघरालाही समोरासमोर दोन उंच दरवाजे असतात. खळ्यावर आपण उफणतो तशी उफणणी तिथे छपराखाली व्हायची, त्यासाठी वारा आरपार लागायचा. रूपांतरात ते दरवाजे काचेने बंद केले की भिंती ओल सोडत नाहीत. आपल्याकडेही गोठ्याच्या जाळ्या एसीसाठी बुजवतात आणि खाली व्हिट्रिफाइड फरशी घालतात. मग जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते आणि दोष चुन्याला लागतो.

वारसा यादीतल्या घराचं बाहेरचं रूप बदलायचं असेल तर परवानगी आधी घ्या. मुंबईत त्यासाठीचे नियम १९९५ पासून आहेत. इंग्लंडमध्ये तर संरक्षित फार्महाउसच्या आवारातली १ जुलै १९४८ पूर्वीची कोठीही संरक्षणाखाली येते.

रंग म्हणून ॲक्रिलिक नको. ताकाइतका पातळ चुना, भिंत ओलवून, चार-पाच हात. पश्चिमेच्या भिंतीवर मात्र एनएचएलही एकटा पुरत नाही. तिथे मंगळुरी कौलांची वळचण दोन फूट तरी पुढे काढा.