'सोबरिश' ऐकला आणि २००३ चं भांडण परत निघालं

आधी कामाचं सांगते. अमेरिकन रॉक गायिका लिझ फेअरचा 'सोबरिश' हा अल्बम घ्यावा का, तर हो, घ्यावा, फक्त फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, हेडफोन लावा, कारण यात तिच्या आवाजाचे थरावर थर चढवलेत आणि स्पीकरवर त्याचा नुसता गोळा होतो. तेरा गाणी आहेत. ४ जून २०२१ ला क्रायसलिस लेबलवर आलाय, म्हणजे ताजा नाही, पण याच्यावरून माझं आणि माझ्या मित्राचं जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही, त्यामुळे एकदाचं लिहूनच काढते.

मित्राचं म्हणणं असं की "अगं ती बाई पहिल्या अल्बमनंतर संपली, पुढचं सगळं उतरणीला." असं म्हणणारा तो एकटा नाही. लिझ फेअरचे चार फॅन एकत्र बसले की दोन तट पडतातच, एक म्हणणार ती विकली गेली, दुसरा म्हणणार तुम्हीच तिला १९९३ मध्ये कोंडून ठेवलंत.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शिकागोजवळच्या विनेट्का नावाच्या सुखवस्तू गावात वाढलेली मुलगी, १९९१ मध्ये घरच्या घरी 'गर्ली-साउंड' नावाने कॅसेट रेकॉर्ड करते, लोक त्यांच्या कॉप्या काढून एकमेकांना देत सुटतात, आणि १९९३ ला मॅटाडोर लेबलवर 'एक्झाइल इन गायव्हिल' हा तिचा पहिला अल्बम येतो. अठरा गाणी. रोलिंग स्टोन्सच्या १९७२ च्या 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट'मध्येही अठराच आहेत, आणि आपली गाणी ही त्याला एकेक करून दिलेली उत्तरं आहेत असं ती सांगते. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकाच्या समीक्षकांच्या मतदानात तोच पहिला आला. पण हे सगळं बाजूला ठेवून नुसतं त्यातलं 'डिव्होर्स साँग' ऐका. रात्र झालीये, दुपारपासून गाडी चालूये, आणि ती त्याच्याकडे वेगळी खोली मागते, बस, तिथून सगळं उसवत जातं. आवाज खालच्या पट्टीत, सपाट, जणू बाजूच्या सीटवर बसून कुणीतरी आपल्यालाच सांगतंय. रडत नाही, ओरडत नाही. मी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा संपल्यावर कितीतरी वेळ पुढचं गाणं लावलंच नव्हतं.

तर अशी जवळची वाटणारी बाई २००३ मध्ये कॅपिटल या मोठ्या लेबलवर, अॅव्हरिल लाव्हिनची हिट गाणी करणाऱ्या 'द मेट्रिक्स' टीमला घेऊन चकचकीत पॉप अल्बम काढते, त्याला आपलंच नाव देते, आणि लोक पेटतात. त्या टीमबरोबर केलेली गाणी खरं तर चारच, पण शिव्या सगळ्या अल्बमला. 'पिचफोर्क' या संगीत-समीक्षेच्या वेबसाइटने १० पैकी ०.० दिले. शून्य पूर्णांक शून्य! तिकडे त्यातलं 'व्हाय कान्ट आय' बिलबोर्डच्या हॉट १०० मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या हिट गाण्यांच्या यादीत, ३२ नंबरपर्यंत गेलं, आणि ते जुन्या फॅनना आणखीनच झोंबलं. गायव्हिलच्या वेळी ती २६ ची होती, आता ३६, घटस्फोट झालेला, पदरात लहान मूल, आणि आम्हाला मात्र ती तीच हवी होती. आम्हाला म्हणते कारण मीही त्याच तटात होते, अल्बम एकदा अर्धवट ऐकला आणि बाजूला ठेवला तो कितीतरी वर्षं.

चूक होती माझी. त्याच अल्बमात 'लिटल डिगर' नावाचं गाणं आहे. आईच्या आयुष्यात नवीन माणूस आलाय आणि तिचा छोटा मुलगा त्याला आपले खेळण्यातले ट्रक दाखवतोय, हा माझा आवडता, आणि हा तुला मिळणार नाही, हा मला माझ्या बाबांनी दिलाय. एवढंच. ते पोर भांडत नाहीये, नुसती आपली हद्द आखतंय, आणि आई ते बघतेय. हे लिहिणारी बाई विकली गेलेली असेल तर मला विकलं जाणं म्हणजे काय तेच कळत नाही. तो ०.० वाला रिव्ह्यू लिहिणाऱ्याने २०१९ मध्ये तिची जाहीर माफी मागितली आणि २०२१ मध्ये पिचफोर्कने मार्क बदलून ६.० केले. मार्कांचं मला काही नाही, पण अठरा वर्षं तो शून्य तिच्या नावामागे लागला होता हे विसरता येत नाही.

मधलं पटकन सांगते, २००५ चा 'समबडीज मिरॅकल' मला बेताचा वाटतो, २०१० चा 'फनस्टाइल' विचित्र आहे, त्यात 'बॉलिवूड' नावाचं गाणं आहे ज्यात ती चक्क म्युझिक इंडस्ट्रीवर रॅप करते, आणि त्यानंतर नवा अल्बम थेट अकरा वर्षांनी. २०१८ ला जुन्या कॅसेटांसकट गायव्हिलचा मोठा सेट आला तेव्हा सगळ्यांना तिची परत आठवण झाली, आणि 'सोबरिश'चा प्रोड्यूसर ब्रॅड वूड, म्हणजे गायव्हिल करणाराच, हे कळल्यावर माझा मित्र हरखून गेला, की आता दुसरा गायव्हिल येणार.

तो आला नाही, आणि मला याचंच समाधान आहे.

सुरुवात 'स्पॅनिश डोअर्स'ने होते. विषय परत काडीमोडच, मैत्रिणीच्या घटस्फोटावरून सुचलेलं गाणं. पार्टी चालू असताना बाथरूममध्ये जाऊन आरशात स्वतःकडे बघणारी बाई, आणि बाहेर जाऊन लोकांसमोर चेहरा नीट ठेवायचाय. कडव्यात तोच जुना सपाट आवाज, काही म्हणजे काही बदललेलं नाही, आणि कोरस आला की एकदम चार बाजूंनी तिचेच आवाज उघडतात, मोठा, गुळगुळीत, डोक्यात बसणारा कोरस. तो कोरस २००३ वाला आहे. माझा सगळा मुद्दा हाच आहे आणि मित्र नेमका इथेच अडतो. त्याला कडवी आवडतात, कोरसला तो नाक मुरडतो, पण आतून मोडलेली बाई बाहेर हसतेय हे नुसत्या सुक्या गिटारवर कळलंच नसतं, त्याला तो चकचकीतपणा लागतोच. ज्या अल्बमला शून्य दिलं त्याची कमाई इथे वापरलीये.

'हे लू'मध्ये गायिका लॉरी अँडरसन आपल्या नवऱ्याला, रॉक गायक लू रीडला, एका वाईट दिवशी कशी सांभाळत असेल याची कल्पना केलीये, त्रास आणि माया दोन्ही एकाच दमात. 'इन देअर' एकदम शांत आहे, ते रात्री ऐका. 'डोसेज' जुन्या लोकांसाठी खास, तिच्याच १९९८ च्या 'पॉलिएस्टर ब्राइड' या गाण्यातला, तिला सल्ला देणारा बारटेंडर हेन्री इथे परत भेटतो, आणि आता सल्ला ऐकणारी पोरगी राहिलेली नाही, चार पावसाळे पाहिलेली बाई आहे. आणि 'शेरिडन रोड'. शिकागोहून मिशिगन सरोवराच्या कडेकडेने उत्तरेला तिच्या लहानपणच्या गावांमधून जाणारा रस्ता आहे हा, आणि गाणंही तसंच संथ, वळणावळणाने जातं. आपण जिथे मोठे झालो त्या रस्त्याने खूप वर्षांनी गेल्यावर काच खाली करून गाडी हळू होते ना, तसं.

खोट नाही असं नाही. तेरा गाणी जास्त झाली, 'सोल सकर' मला अजिबात झेपलं नाही, ठेका एकीकडे आणि ती दुसरीकडे, आणि 'बॅड किटी' अर्ध्यावरच संपलं असतं तरी चाललं असतं. मधल्या भागात अल्बम जरा रेंगाळतो हे मित्राचं म्हणणं मला मान्य आहे. पण 'सोबरिश' या नावातच आहे बघा, पूर्ण शुद्धीत नाही आणि पूर्ण नशेतही नाही, तशी ती जुनीही नाही आणि नवीही नाही, आणि हे अधलंमधलं वय तिने लपवलेलं नाही. याला लोक कमबॅक म्हणतात, पण कमबॅक म्हणजे जुन्या जागी येऊन उभं राहणं असेल तर ती आलेलीच नाही, रस्त्यात जे जे मिळालं ते सगळं घेऊन पुढे गेलीये.

नवीन ऐकणाऱ्यांनी आधी 'डिव्होर्स साँग' आणि लगेच पाठोपाठ 'स्पॅनिश डोअर्स' लावा, मधली २८ वर्षं तुमची तुम्हाला ऐकू येतील, आणि मग अख्खा अल्बम घ्या.

मित्र 'शेरिडन रोड' ऐकतो आता, तेवढं त्याने मान्य केलंय. २००३ वाला अजून त्याच्याकडून ऐकवत नाही म्हणतो. मी त्याला काल फक्त 'लिटल डिगर' पाठवलंय, अजून काही बोलला नाहीये.